प्रलंबित नोंदी: एक

पालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर माझ्या समोरच्या टेबलावर जे गृहस्थ बसायचे, त्यांना सगळी कचेरी 'तूर्तास' म्हणायची. तोंडावर तूर्तासकाका, माघारी नुसतं तूर्तास. त्यांच्या साप्ताहिक अहवालात हा शब्द पानापानावर भेटायचा. 'टाकीचे काम तूर्तास थांबले आहे.' 'खांब तूर्तास उभे आहेत, दिवे नाहीत.' शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांनी त्या शब्दाची टिंगल केली, पण अहवाल मात्र सगळ्यांना कळायचा. सरकारी कागद वाचून कळतो, ही काही साधी गोष्ट नाही.

मी त्याच खोलीत सोमवारच्या आढावा बैठकीचं इतिवृत्त लिहिते. कोण काय बोललं, काय ठरलं, ते क्रमवार लिहायचं, साहेबांची सही घ्यायची, शिक्का मारायचा आणि फायलीला लावायचं. स्वभावाने मी तिखट आहे. हे मीच सांगून टाकते, म्हणजे माघारी सांगणाऱ्यांचे कष्ट वाचतात.

काकांचं काम असं होतं. दर गुरुवारी बारा विभागांकडून आठवड्याचा हालहवाल गोळा करायचा. पाणी, गटारं, रस्ते, दिवे, बागा, वाहनं, जन्म-मृत्यू नोंदणी, असे बारा. कोणी धड कागद देत नसे. पाणीवाला अभियंता पाकिटाच्या पाठीवर चार ओळी खरडायचा, बागवाले तोंडी सांगायचे, रस्तेवाले 'मागच्यासारखंच लिहा' म्हणायचे. त्यांची भाषा समजायला नोकरीत दहा वर्षं काढावी लागतात. 'सुरू आहे' म्हणजे कागद हलला. 'लवकरच' म्हणजे हलला नाही. 'पाठपुरावा सुरू आहे' म्हणजे कागद सापडत नाही. ही सगळी चिठोरी काका एका कापडी पिशवीत भरून गुरुवारी संध्याकाळी घरी न्यायचे, आणि शुक्रवारी सकाळी येऊन दोन-तीन विभागांना फोन लावायचे. "त्या मोटरीचं नक्की झालं काय? लोकांना पाणी आलं का नाही?" असं विचारायचे. पलीकडचा चिडायचा. दुपारी बारापर्यंत सात पानांचा अहवाल साहेबांच्या टेबलावर असायचा.

कचेरीचे कागद बाहेर न्यायला बंदी आहे. पण त्या पिशवीकडे सगळ्यांनीच काणाडोळा केला होता, मीसुद्धा.

त्यांची बायको एका मंगळवारी गेली. चार दिवस दवाखान्यात होत्या, तेवढंच. मूलबाळ नव्हतं. आम्ही कचेरीतले सात-आठ जण गेलो, उभे राहिलो, परत आलो. त्या शुक्रवारी अहवाल निघालाच नाही. साहेबांनी आधीच्याच आठवड्याचा अहवाल समोर ठेवून सोमवारची बैठक उरकली, आणि कोणी हूं की चूं केलं नाही.

नवव्या दिवशी, गुरुवारी, काका पिशवी घेऊन हजर. चिठोरी गोळा करत फिरले. "कसे आहात?" विचारलं की "ठीक" म्हणायचे. रडणं नाही, चिडणं नाही, आठवणी सांगणं नाही. दुपारी त्यांनी डबा उघडला, तर तो रिकामा. सवयीने नुसताच उचलून आणलेला. त्यांनी तो थोडा वेळ पाहिला, झाकण लावलं आणि नळाखाली धुऊन आणला. दुसऱ्या दिवसापासून मी माझ्यातलं अर्धं त्यांच्या डब्यात वाढायला लागले. ते खायचे. काय खाल्लं असं विचारलं असतं तर मात्र सांगता आलं नसतं.

मला वाटलं, माणूस धक्क्यात आहे, सावरेल. मला स्वतःला असल्या वेळी काय बोलावं ते कळत नाही. म्हणून मी बोललेच नाही.

दुसऱ्या का तिसऱ्या बैठकीत मी लिहिता लिहिता थांबले. पाणीपुरवठ्याच्या पानावर होतं, 'टेकडीवरील टाकीला दुसरी मोटर बसविण्याचे काम तूर्तास पाइपांअभावी थांबले आहे.' ती मोटर मागच्या वर्षी बसली होती. बसून एकदा जळलीही होती. मी अभियंत्याकडे पाहिलं. साहेबांनी विचारलं, "या मोटरीचं कधी होणार?" अभियंता वहीत डोकं घालून म्हणाला, "पाइप आलेत साहेब. पंधरा दिवसांत बसवतो." साहेब म्हणाले, "पंधरा म्हणजे पंधरा." तो म्हणाला, "पंधरा म्हणजे पंधरा."

टेबलावर येऊन मी कपाट उघडलं आणि मागच्या वर्षीचा त्याच आठवड्याचा अहवाल काढला. शब्द न् शब्द तोच. तारीख तेवढी नवी. मागच्या बैठकीतला अहवाल त्याच्या आधीच्या आठवड्याशी ताडला, तोही तसाच. नाट्यगृहाचं छत पुन्हा गळत होतं, सहाव्या प्रभागातला रस्ता पुन्हा खणला जात होता, आणि बारा विभागांचे बारा अधिकारी माना डोलावून त्याची उत्तरं देत होते. आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय.

फक्त एका विभागाचे आकडे खरे होते, जन्म-मृत्यू नोंदणीचे. ते खिडकी क्रमांक चारमधून छापूनच येतात, त्यात भाषा नसते. जन्म इतके, मृत्यू इतके, प्रलंबित इतक्या. आणि काका कामावर परतले त्या आठवड्यापासून शेवटच्या रकान्यात दर वेळी एकच आकडा यायला लागला होता. प्रलंबित नोंदी: एक.

खिडकी चारवर बसणारी बाई आणि मी दुपारचा चहा बरोबर घेतो. मी तिला विचारलं, "तो एक कोण गं? दर आठवड्याला तसाच राहतोय."

ती कपाकडे बघत म्हणाली, "तुझ्यासमोर बसतो तो."

"काय?"

"दवाखान्याकडून मृत्यूचं कळवणं आलंय. घरच्यांचा अर्ज आला नाही. दोन्हीकडची नावं जुळल्याशिवाय नोंद होत नाही. मी दोनदा म्हटलं त्यांना. 'आणतो' म्हणाले. तिसऱ्यांदा माझी जीभ रेटेना."

म्हणजे काका दर शुक्रवारी स्वतःच्या बायकोला त्या रकान्यात लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवत होते. तरी मी तोंडात गुळणी धरून बसले. आज त्याची लाज वाटते.

सहाव्या आठवड्यात साहेबांचं लक्ष त्या आकड्यावर गेलं. मोटर दिसली नाही, छत दिसलं नाही, हा एक बरोबर दिसला. "सहा आठवडे एक नोंद प्रलंबित? का?"

उत्तर देणं अहवालवाल्याचं काम. काका उभे राहिले. "संबंधितांकडून अर्ज अप्राप्त आहे साहेब. पाठपुरावा सुरू आहे."

चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. खिडकीवाली माझ्या शेजारीच होती, तिने माझं मनगट धरलं.

"कोण आहे हा संबंधित? पुढच्या सोमवारी नाव घेऊन या," साहेब म्हणाले. "आणि रकाना शून्य झाला पाहिजे."

त्या शनिवारी दुपारी मी काकांच्या घरी गेले. भांडायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी एक टेबल, त्यावर एका रांगेत रेघी वह्या, पन्नासेक असतील. मी बसायच्या आत म्हटलं, "काका, अर्ज का देत नाही?"

"भरलाय की," ते म्हणाले, आणि वहीखालून काढून माझ्यासमोर ठेवला.

खरंच भरलेला होता. नाव, वय, तारीख, वेळ, दवाखाना, कारण. सही केलेली. फक्त नववा रकाना मोकळा होता. मृताचा व्यवसाय. त्याच्याखाली बारीक अक्षरात छापलं होतं, 'गृहिणी, विद्यार्थी अथवा बेकार असल्यास "काही नाही" असे लिहावे.'

"एवढ्यावर अडलंय," काका म्हणाले.

त्यांनी एक वही उघडून माझ्याकडे सरकवली. त्यात अहवाल होता. बाईमाणसाचं सुबक, थोडं तिरकं अक्षर. मार्जिनमध्ये प्रश्न, 'म्हणजे पाणी आलं का?' 'कोणी पाहिलं?' 'सातव्या गल्लीतला दिवा लागत नाही, मी जाऊन बघून आले.' दुसरी उघडली, तिच्यातही तेच. मी मधूनच एक ओढली, ती बारा वर्षांपूर्वीची निघाली.

"मला हे काम दिलं ना, तेव्हा पहिलाच अहवाल साहेबांनी फेकला होता," काका सांगत होते, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. "मला जमत नव्हतं. ही म्हणाली, द्या इकडे. मग मी चिठ्ठ्या वाचायचो, ही लिहायची. 'अहो, "कार्यवाहीत आहे" म्हणजे काय? झालं का नाही झालं?' मला कुठे माहीत असायचं! मग मी शुक्रवारी फोन करायचो. तूर्तास हा शब्दही हिचाच. ही म्हणायची, थांबलंय असं लिहिलं की वाचणारा हात टेकतो. तूर्तास लिहा, म्हणजे त्यांना पुन्हा सुरू करायची लाज वाटेल." त्यांनी वही मिटली. "बावीस वर्षं. मी नुसता गोळा करायचो."

"मग लिहा ना तसं!" मी जवळजवळ ओरडले. "अहवाल लिहायच्या, असं लिहा आणि द्या!"

"व्यवसाय लिहिला तर पुरावा लागतो. कार्यालयाची नोंद जोडावी लागते. नियमच आहे."

"या वह्या आहेत की."

"वही म्हणजे नोंद नव्हे." हे त्यांनी मला इतकं शांतपणे समजावलं की मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. "पालिकेच्या एकाही कागदावर हिचं नाव नाही. मी शोधलं. सगळीकडे माझी सही आहे."

"आणि अर्ज नाहीच दिला तर?"

"येत्या शनिवारी साठ दिवस होतात. मग दवाखान्याच्या कागदावरून खिडकीच नोंद करते. मोकळा रकाना ठेवत नाहीत. 'काही नाही' घालतात." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "मी तेच लिहायला सात वेळा पेन उचललं. होत नाही."

तेव्हा मला कळलं की हा माणूस दुःखात वेडा झालेला नाही. याचं घोडं खरोखरच एका रकान्यावर अडलंय. आणि पालिकेत जन्म काढलेल्या माणसाला त्यातून पळवाट दिसत नाहीये, कारण नियम त्याला पाठ आहेत.

मी म्हटलं, "काका, इतिवृत्त ही नोंद असते का?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"बैठकीत बोला. मी लिहीन. सही-शिक्क्याची प्रत देणंही माझंच काम आहे."

"कागद घरी नेल्याचं निघेल. मला निवृत्तीला चौदा महिने राहिलेत." त्यांनी अर्ज पुन्हा वहीखाली सरकवला. "आणि मागचे अहवाल. ते तर मी..."

"माहीत आहे मला. मोटर."

"हिच्या वाक्यांशिवाय मला येत नाही," ते म्हणाले. बोलेन असं काही म्हणाले नाहीत. मी निघाले.

सोमवारी बैठकीत पाणी झालं, गटारं झाली, दिवे झाले. बागांचा विषय चालू असताना मी दोनदा त्यांच्याकडे पाहिलं. ते चिठोऱ्यांचा गठ्ठा नीट करत होते. मला वाटलं, नाही बोलणार. माणसाला निवृत्ती जवळ आली की भलतं शौर्य परवडत नाही, त्यात त्यांचं काही चुकतही नव्हतं. नोंदणी विभाग आला. साहेबांनी विचारलं, "हां, तो एक. नाव आणलंत?"

काका उभे राहिले. "संबंधित मीच आहे, साहेब."

साहेबांनी मान वर केली.

"मयत माझी पत्नी आहे. या कार्यालयाचा साप्ताहिक अहवाल गेली बावीस वर्षं तिने लिहिला. कागद मी घरी नेत होतो. ती गेल्यानंतरचे सात अहवाल मागच्या वर्षीचे आहेत, मी तारखा बदलल्या. बैठकीने नोंद घ्यावी, अशी विनंती आहे." अहवाल वाचावा त्या आवाजात सगळं बोलले आणि बसले.

पाणीवाला अभियंता पंख्याकडे बघायला लागला. साहेबांनी समोरचा अहवाल उचलला, पहिल्या पानावरची स्वतःची मंजुरीची सही पाहिली आणि उलटा ठेवला. ती सही सातही अहवालांवर होती. त्यांचा हिशोब मला त्यांच्या तोंडावर दिसला.

"वाईट झालं," साहेब म्हणाले. "फार वाईट झालं. तुम्ही दोन दिवस विश्रांती घ्या. हे..." त्यांनी माझ्याकडे बघून बोट हलवलं, "हे इतिवृत्तात घ्यायची गरज नाही. पुढचा विषय, वाहनं."

माझं पेन कागदावरच होतं. आयुष्यात मी वरिष्ठांचं कधी मोडलं नाही. कुरकुर केली, दारामागे शिव्या घातल्या, पण मोडलं नाही. मी लिहिलं. बागेतल्या गवताच्या आणि कचऱ्याच्या गाड्यांच्या टायरांच्या मध्ये, विषय क्रमांक नऊ. 'कार्यालयाचा साप्ताहिक अहवाल मागील बावीस वर्षे अहवाल लिपिकांच्या दिवंगत पत्नी यांनी विनावेतन लिहिला असल्याचे निवेदन करण्यात आले. सभेने नोंद घेतली.' त्यांचं पूर्ण नावही घातलं. अहवालांच्या तारखांचं मी लिहिलं नाही. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते लिहिलं असतं तर टिकलंही नसतं.

चार वाजता सहीला गेले. पाच पानं. साहेब फोनवर बोलत होते. मी पानं धरून उभी, प्रत्येकाचा खालचा कोपरा तेवढा वर करून. घाईत तिसरं पान निसटून टेबलावर पडलं, नेमकं विषय नऊचंच. साहेबांनी ते उचललं, फोनवर "हो हो, बघतो" म्हणाले, सही केली आणि पुढच्या पानासाठी हात पुढे केला. बारा वर्षांत त्यांनी माझं एक इतिवृत्त वाचलेलं नाही. त्या दिवशीच वाचतील असं मला उगाच वाटलं होतं.

त्याबद्दल मला आजवर कोणी काही विचारलेलं नाही. पुढच्या सोमवारी 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले' असंही मीच लिहिलं. वाचलं अर्थातच कोणी नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी काकांना घेऊन खिडकी चारवर गेले. विश्रांतीची रजा होती, तरी आले होते. रांगेत आमच्यापुढे बाळाच्या नोंदीला आलेलं एक जोडपं होतं. त्यांचं झाल्यावर काकांनी अर्ज आत सरकवला. नववा रकाना भरलेला होता. मागे इतिवृत्ताची प्रत जोडली होती.

खिडकीवालीने प्रत वाचली. सोमवारी ती त्या खोलीत होती, साहेब काय म्हणाले ते तिने ऐकलं होतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा शिक्क्याकडे. मग म्हणाली, "नोंद आहे, सही आहे, शिक्का आहे. मला काय करायचंय." आणि टाइप करायला लागली.

दाखला छापून आला. तिने तो वाचायला बाहेर दिला, कारण दुरुस्ती असेल तर शिक्क्याआधी करावी लागते. काकांनी खिशातून पेन काढलं. दर शुक्रवारी पक्का मसुदा तपासायचे तसं, एकेका ओळीखाली पेनचं टोक ठेवत वाचायला लागले. नाव. वय. तारीख. पत्ता. व्यवसाय: अहवाल लेखन, पालिका कार्यालय. तिथे टोक जरा थांबलं, मग खाली सरकलं. कारण. नोंद क्रमांक. मागच्या माणसाने "अहो, जरा लवकर" म्हटलं. मी वळून त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरकला.

काका शेवटच्या ओळीपर्यंत आले. पेनला टोपण लावलं.

"सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. दाखला त्यांच्या हातातच होता. खिडकीवालीने शिक्का उचललेला होता, पण ते देईनात. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आठ आठवड्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. मला विचारल्यासारखं हळूच म्हणाले, "म्हणजे गेली ही."

मी हो म्हटलं.